जाहिरातीत '७-स्पीड ऑटोमॅटिक', आत सीव्हीटी: जुन्या छोट्या गाडीच्या गिअरबॉक्स तपासणीचा रिव्ह्यू

बाबांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना क्लच दाबणं जमत नाही, म्हणून ऑटोमॅटिक गाडी घ्यायची ठरलं, आणि नवी नको, छोटी पाहिजे, जुनी असली तरी चालेल. शोधता शोधता २००५ ची होंडा जॅझ मिळाली, पहिल्या पिढीची, १.४ आय-डीएसआय इंजिनवाली, बॉडी एकदम स्वच्छ, एकाच मालकाच्या हातातली. जाहिरातीत लिहिलं होतं '७-स्पीड ऑटोमॅटिक'. मालकाकडे एका ऑनलाइन तपासणी सेवेचा रिपोर्ट पण होता, पानंच्या पानं, चारही टायरची नक्षी किती मिलिमीटर राहिली, प्रत्येक पॅनलवर रंग किती जाड, सगळं होतं, आणि ट्रान्समिशनच्या पुढे फक्त 'ऑटोमॅटिक, ७ गिअर, ठीक'. बस एवढंच.

गाडी चालवून पाहिली तेव्हा मला एक गोष्ट खटकली. सिग्नलवरून हळू निघताना पहिले दोनतीन सेकंद गाडी थरथरायची, म्हणजे बारीक खडीवरून जातोय असं सीटखाली जाणवायचं, मग वेग पकडला की एकदम लोण्यासारखी. मालक म्हणाले इंजिन माउंटिंग असेल. दुसऱ्या एका जनरल वर्कशॉपला फोन केला, त्यांनी रिपोर्टचा फोटो बघून लगेच सांगितलं, घेऊन या, एटीएफ (म्हणजे साध्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) बदलून टाकू, जाईल थरथर. गाडी न बघता. तिथे मला शंका आली आणि मी गाडी घ्यायच्या आधी फक्त गिअरबॉक्सचंच काम करणाऱ्या या वर्कशॉपमध्ये तपासणीची वेळ घेतली. हा रिव्ह्यू त्यांच्या त्या तपासणीचा आहे, आणि जरा मोठा झालाय कारण तिथे जे बघितलं ते जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला पाहिजे असं मला खरंच वाटतं.

पहिली गोष्ट म्हणजे तिथले दादा कॉम्प्युटर जोडायला धावले नाहीत. आधी ड्रायव्हरचा दरवाजा उघडून नुसते लिव्हरकडे बघत बसले. बाबांनी विचारलं, "अहो, पण ऑटोमॅटिक म्हणजे ऑटोमॅटिकच ना? त्यात काय बघायचं?" ते म्हणाले, "काका, क्लचचं पेडल नाही एवढंच त्यावरून कळतं. आत काय बसलंय ते वेगळंच असू शकतं, टॉर्क कन्व्हर्टर, एएमटी, सीव्हीटी नाहीतर ड्युअल क्लच, आणि या चार प्रकारांचं ऑइल वेगळं, खर्च वेगळा, बिघडायची पद्धत पण वेगळी."

लिव्हरवरून बरंच कळतं हे मला माहीतच नव्हतं. पी, आर, एन, डी (पार्किंग, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह) आणि खाली २, एल असं असेल आणि लिव्हरच्या बाजूला ओव्हरड्राइव्हचं छोटं बटण असेल तर जुन्या छोट्या गाडीत बहुतेक वेळा तो ४-स्पीडचा साधा टॉर्क कन्व्हर्टर निघतो, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला पोचते तो. पी नाहीच, नुसतं आर, एन, डी आणि बाजूला प्लस-मायनस, तर बहुतेक एएमटी, म्हणजे आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि क्लच-गिअरचं काम मोटर किंवा हायड्रॉलिक यंत्रणा करते, म्हणून ती गाडी गिअरमध्ये टाकूनच पार्क करतात. पी आर एन डी एस एल असेल तर सीव्हीटीचा, म्हणजे ज्यात ठरलेले गिअरच नसतात त्या प्रकाराचा, संशय घ्यायचा. पण 'संशय' हा शब्द त्यांनी दोनदा वापरला, कारण काही निसान सीव्हीटीवर पण ओव्हरड्राइव्हचं बटण येतं, आणि प्लस-मायनस तर चारही प्रकारांत असतं, त्याच्यावरून काहीच ठरत नाही. आमच्या जॅझला पी आर एन डी एस एल आहे आणि स्टिअरिंगवर प्लस-मायनसची बटणं आहेत, मॅन्युअल मोड लावला की डिस्प्लेवर १ ते ७ आकडे दिसतात. ते ७ बघून जाहिरातवाल्याने ७-स्पीड लिहिलं आणि तपासणीवाल्याने ते तसंच उतरवलं.

मग दादांनी जे सांगितलं ते मला फार आवडलं. ७ खऱ्या गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मर्सिडीजने २००३ साली आणला, तोही मोठ्या गाड्यांसाठी, आणि छोट्या गाड्यांना बसणारा फोक्सवॅगनचा ७-स्पीड ड्युअल क्लच (दोन क्लच आळीपाळीने काम करतात तो) आला २००८ साली. मग २००५ च्या एवढ्याशा गाडीत ७ गिअर येणार कुठून? म्हणजे गाडीचं वर्ष आणि गिअरचा आकडा शेजारी ठेवला तरी जाहिरात चुकलीय हे घरबसल्या कळत होतं. मी तीन आठवडे ती जाहिरात रोज बघत होते आणि हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

नुसत्या मॉडेलच्या नावावर पण जाऊ नका म्हणाले आणि याच गाडीचं उदाहरण दिलं. पहिली जॅझ युरोपात ५-स्पीड मॅन्युअल नाहीतर सीव्हीटी. तीच गाडी उत्तर अमेरिकेत २००७ मॉडेल म्हणून फिट नावाने आली तेव्हा तिला ५-स्पीड टॉर्क कन्व्हर्टर. दुसऱ्या पिढीची जॅझ युरोपात २००८ ला आली ती आय-शिफ्ट घेऊन, म्हणजे एएमटी, आणि २०११ मध्ये ते काढून परत सीव्हीटी. म्हणजे इंटरनेटवर 'जॅझ ऑटोमॅटिक प्रॉब्लेम' शोधलं तर तीन वेगवेगळ्या गिअरबॉक्सची दुखणी एकत्र वाचायला मिळतात आणि त्यातली आपली कुठली हे कळायला मार्ग नाही. मी नेमकं हेच करत बसले होते, रात्री दोन वाजेपर्यंत. फोक्सवॅगन पोलोचं पण तसंच, २००९ नंतरच्या पिढीत काही इंजिनांना ६-स्पीड टॉर्क कन्व्हर्टर आणि काहींना ७-स्पीड ड्युअल क्लच, बाहेरून दोन्ही पोलो सारख्याच. आणि निसान मायक्राच्या के१२ पिढीला ४-स्पीड ऑटोमॅटिक होता, तर पुढच्या के१३ ला बऱ्याच देशांत सीव्हीटी.

त्यानंतर रोडवर. हा भाग मला सगळ्यात जास्त शिकवून गेला म्हणून नीट लिहिते. मला चालवायला सांगितलं, ते शेजारी बसले, बाबा मागे. म्हणाले, स्पीड बघायचा नाही, आरपीएमचा काटा बघायचा, आणि अॅक्सिलरेटर एका जागी धरून ठेवायचा, कमीजास्त करायचा नाही. मी तसं धरलं. काटा ३,०००च्या आसपास गेला आणि तिथेच चिकटून बसला, आणि गाडीचा वेग मात्र वाढतच राहिला, ४०, ५०, ६०, काटा जागचा हलेना! इंजिनचा आवाज एकाच सुरात, जसं मिक्सर चालू आहे. "ही सीव्हीटी," ते म्हणाले, "गिअर असते तर प्रत्येक गिअरला काटा पायरी उतरल्यासारखा खाली आला असता." मग स्टिअरिंगवरचं बटण दाबून मॅन्युअल मोड लावायला लावला आणि एकेक आकडा वाढवायला सांगितलं, तर काटा खरंच पायऱ्या पायऱ्यांनी उतरला. माझा तर गोंधळच उडाला. त्यांनी सांगितलं की त्या पायऱ्या कॉम्प्युटरने ठरवलेल्या आहेत, आत दोन पुली आणि त्यांच्यामध्ये स्टीलचा पट्टा, पुलीच्या दोन बाजू जवळ-लांब होतात तसा पट्टा वर-खाली सरकतो आणि गुणोत्तर बदलतं, कॉम्प्युटर फक्त त्याला सात ठिकाणी थांबायला सांगतो. म्हणून टेस्ट नेहमी साध्या डीमध्ये घ्यायची, स्पोर्ट किंवा मॅन्युअल मोडमध्ये नाही. (पुली-पट्ट्याची ही कल्पना जुनी आहे, डाफ नावाच्या डच कंपनीने १९५८ साली छोट्या गाडीत रबरी पट्टे घालून ती लोकांसमोर आणली होती. आमच्या गाडीतला पट्टा स्टीलच्या शेकडो पातळ तुकड्यांचा आहे आणि तो ओढत नाही तर ढकलतो, हे ऐकून बाबा, जे आयुष्यभर मशीन शॉपमध्ये होते, ते मागच्या सीटवरून पुढे वाकून ऐकायला लागले.)

बाकीचे प्रकार कसे ओळखायचे ते पण विचारून घेतलं, कारण मनात होतं की ही नाही पटली तर दुसरी बघायची आहे. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये ब्रेकवरून पाय उचलला की गाडी आपोआप सरकायला लागते आणि गिअर बदलतात ते मऊ, पण काटा खाली येताना दिसतो. असे काटा उतरलेले मोजले की किती स्पीडचा ते कळतं, फक्त एक गंमत आहे, वरच्या गिअरमध्ये कन्व्हर्टर लॉक होतो (म्हणजे इंजिन गिअरबॉक्सला थेट जोडलं जातं) तेव्हा काटा अजून थोडासा, दोनतीनशे आरपीएम, खाली येतो आणि लोक त्याला पाचवा गिअर समजून ४-स्पीडला ५-स्पीड म्हणतात. खात्री करायची तर स्थिर वेगात अॅक्सिलरेटर तसाच धरून डाव्या पायाने ब्रेकला अगदी हलका स्पर्श करायचा, लॉक सुटतो आणि काटा जरासा वर उडी मारतो, खरा गिअर असता तर एवढ्याने सुटला नसता. (हे मोकळ्या रस्त्यावर आणि मागे कोणी नसतानाच, आणि सवय नसेल तर करूच नका, डावा पाय ब्रेकवर जोरात पडतो.) एएमटी असेल तर गिअर बदलताना रेस मध्येच तुटते आणि सगळ्यांच्या माना पुढे जाऊन मागे येतात, कितीही मऊ असली तरी ती मान हलतेच. जुन्या बऱ्याच एएमटी ब्रेक सोडल्यावर सरकत नाहीत आणि चढावर मागे येतात. हायड्रॉलिकवाली असेल तर कधीकधी ड्रायव्हरचा दरवाजा उघडल्यावरच पंपाचा बारीक घुर्रर्र आवाज येतो, इंजिन बंद असताना. ड्युअल क्लच वेगात असताना इतका पटकन बदलतो की कळतच नाही पण ट्रॅफिकमध्ये मुंगीच्या पावलाने चालवताना थोडा अडखळतो.

गोंधळ होतो तो सरकण्यावरून. आमची जॅझ पण ब्रेक सोडला की सरकते, म्हणून टॉर्क कन्व्हर्टर असेल असं वाटू शकतं, पण या पहिल्या जॅझच्या सीव्हीटीत कन्व्हर्टर नाहीच, तिथे ऑइलमध्ये बुडालेला एक स्टार्ट क्लच आहे, तो अर्धवट पकडून गाडी सरकवतो. आणि आमची थरथर तिथलीच निघाली! ऑइल जुनं झालं की तो क्लच निघताना पकड-सोड पकड-सोड करतो. इंजिन माउंटिंगचा काही संबंध नाही, तरी त्यांनी माउंटिंग पण हलवून दाखवलं, ठीक होतं.

शेवटी गाडी लिफ्टवर. टॉर्चने गिअरबॉक्सच्या केसवर ठोकलेला कोड दाखवला, धुळीने भरलेला होता, फडक्याने पुसून मला फोटो काढायला लावला आणि त्यांच्याकडच्या माहितीशी जुळवला. हाच पक्का पुरावा, बाकी सगळे अंदाज, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक गाडीत इतकं खाली जायला लागत नाही म्हणाले, टोयोटाच्या माहितीच्या प्लेटवर ट्रान्स-अॅक्सल म्हणून वेगळी ओळ असते, फोक्सवॅगनमध्ये डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यातल्या स्टिकरवर आणि सर्व्हिस बुकात इंजिनच्या कोडशेजारी गिअरबॉक्सचा कोड छापलेला असतो. चेसिस नंबर देऊन कंपनीच्या पार्ट काउंटरवर विचारलं तरी कळतं.

आता ऑइलचं, कारण माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं हेच होतं. त्या दुसऱ्या वर्कशॉपने फोनवर एटीएफ म्हटलं होतं. मी तसं सांगितल्यावर दादांचा चेहरा बदलला. एटीएफ बनतं टॉर्क कन्व्हर्टर आणि क्लच प्लेटांसाठी. सीव्हीटीत स्टीलचा पट्टा स्टीलच्या पुलीवर दाबून धरलेला असतो, धातूवर धातू, आणि तिथे ऑइलने झीज पण होऊ द्यायची नाही आणि पट्टा घसरू पण द्यायचा नाही. चुकीचं ऑइल पडलं की पट्टा घसरतो, पुलीवर ओरखडे येतात, आणि एकदा ओरखडे आले की नंतर कितीही योग्य ऑइल टाका, तो पृष्ठभाग परत येत नाही. या गाडीला होंडाचं मल्टी मॅटिक फ्लुइड, ज्याला सगळे एचएमएमएफ म्हणतात, तेच. होंडाच्याच नंतरच्या सीव्हीटीचं एचसीएफ-२ पण नाही, दोन्ही बाटल्यांवर सीव्हीटी असलं तरी. म्हणजे नुसतं 'सीव्हीटी आहे' हे कळून पण भागत नाही, कुठल्या पिढीची तेही पाहिजे. रिपोर्टमधल्या 'ऑटोमॅटिक, ७ गिअर, ठीक' या चार शब्दांवर विसंबून आम्ही गाडी घेऊन एटीएफ टाकलं असतं तर काय झालं असतं याचा विचार करून मला अजून कसंतरी होतं.

त्यांनी लेखी दिलं ते असं: सीव्हीटी, स्टार्ट क्लचवाली, पट्टा-पुलीचा आवाज नाही, निघताना थरथर, कारण बहुधा जुनं ऑइल, ऑइल बदलून स्टार्ट क्लच पुन्हा शिकवणे, त्याने न गेल्यास क्लचचा खर्च धरून भाव करावा. 'बहुधा' शब्द त्यांनी तसाच ठेवला, आणि ऑइल बदलूनही थरथर राहू शकते हे आधीच सांगितलं. मला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटला. मी तो कागद मालकांना दाखवला, ते पण समजूतदार निघाले, त्यांनाच माहीत नव्हतं आपल्या गाडीत काय आहे, भाव खाली आला आणि गाडी घेतली.

दुसऱ्या आठवड्यात तिथेच ऑइल बदललं. जुनं निघालं ते काळपट आणि जळकट वासाचं, साधारण तीन लिटर. खालच्या बोल्टच्या चुंबकावर बारीक करडी पेस्ट होती, ती बोटाने चोळून दाखवली, कण लागत नाहीत म्हणजे साधी झीज आहे, चकचकीत तुकडे असते तर काळजी होती. मग इंजिन पूर्ण तापवून, एसी आणि दिवे बंद ठेवून, गाडी ६०च्या पुढे नेऊन ब्रेक न लावता नुसता पाय सोडून मंदावू दिली, असं काही वेळा केलं, त्याने कॉम्प्युटर स्टार्ट क्लचची पकड नव्याने शिकतो. परत येताना पहिल्या सिग्नलला मी श्वास रोखून ब्रेक सोडला. थरथर नाही. दुसऱ्या सिग्नलला पण नाही. बाबा म्हणाले, "आता मला दे." आणि उरलेला सगळा रस्ता त्यांनी चालवली, जवळजवळ आठ महिन्यांनी ते स्टिअरिंगवर बसले होते, लिव्हरवर हात तसाच ठेवून, जुन्या सवयीने.

आता तक्रारी, कारण आहेत. एक म्हणजे वेळ घेताना त्यांनी सांगितलंच नाही की गाडी थंड आणायची. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्यांदा चालू करून डीमध्ये टाकल्यावर किती उशिरा पकडते, काही आवाज येतो का, ते बघणं त्यांच्या तपासणीचा भाग आहे, आणि आम्ही तासभर चालवून नेली, त्यामुळे मालकांना विनंती करून दुसऱ्या दिवशी परत जायला लागलं, गाडी त्यांची होती, मला फार संकोच वाटला. दुसरं, रिपोर्ट हाताने लिहिलेला आणि अक्षर लागत नाही, एचएमएमएफ मी तीनदा विचारून घेतलं, इतकं चांगलं काम करताय तर टाइप करून मोबाइलवर पाठवायला काय हरकत आहे. तिसरं, फोन उचलत नाहीत, मेसेजच करायला लागतो. पाचपैकी साडेचार स्टार देते, तो अर्धा त्या थंड गाडीसाठी कापलाय.

एक गोष्ट त्यांनी न सांगता केली, बॉनेटच्या आतल्या बाजूला एक पिवळं स्टिकर चिकटवलं, मार्करने लिहून: 'सीव्हीटी. फक्त एचएमएमएफ. एटीएफ नाही. टो करताना पुढची चाकं उचलून.' हे मात्र वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात. आता आत्याची मायक्रा दाखवायची आहे, तिच्या कागदांवर पण नुसतं ऑटोमॅटिकच लिहिलंय, शुक्रवारची वेळ मिळालीय आणि त्या दिवशी सकाळी गाडीला हात लावायचा नाही असं तिला आत्ताच सांगून ठेवलंय.